मोमीनकाकांनी न सांगितलेला नियम

मोमीनकाका माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी बाह्या, मग बोटं, मग पाय, आणि एवढ्या तपासणीत माणूस पास झाला तर चेहरा. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं आणि माझ्या ओढणीकडे बघत विचारलं, "ही घेऊनच कारखान्यात फिरता का?"

"मी मालकीण आहे. मशीनवर मी नसते," मी जरा ताठ्यातच म्हटलं.

"मशीनला कुठे माहीत असतं मालकीण कोण ते," ते म्हणाले, आणि मग आत बसा म्हणाले.

कसबा पेठेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही चकलीचा पितळी सोऱ्या बनवतो. सोऱ्याच्या नळीला चकती अडकायला दोन खाचा लागतात. त्या पाडून घ्यायला माल भोसरीला पाठवायचा आणि आठ-आठ दिवस फोन करत बसायचं, याला मी कंटाळले होते. म्हणून लहान मिलिंग मशीन घ्यायचं ठरवलं. मोठं घेऊन उपयोग नव्हता, आमच्या गल्लीत मोठं काही शिरत नाही. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात 'टेबलावर मावेल' असं छापलं होतं. वजन पावणेतीनशे किलो. असलं टेबल कोणाच्या घरी असतं ते मला अजून कळलेलं नाही.

मशीन बसवायला कोणाला बोलवावं असं चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी मोमीनकाकांचं नाव निघालं. पिंपरीकडच्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांनी चाळीसेक वर्षं काढली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, बायको वारलेली, मुलगी सोलापूरला दिलेली, आणि ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहत होते. या धंद्यात जुन्या माणसाचे दाखले कोणी वाचत नाही, त्याची बोटं मोजतात. काकांची दहाच्या दहा होती. कोणी कौतुक केलं तर ते म्हणायचे, "त्यात माझी हुशारी नाही. मी भित्रा आहे. भित्र्याची बोटं टिकतात."

मशीन टेम्पोतून गल्लीच्या तोंडाशी उतरलं. तिथून आमचा उंबरठा साठेक पावलांवर. चार हमाल होते, खाली टाकायला लोखंडी पाइप होते, मी होते. काकांनी आम्हा पाच जणांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "माझ्यामागून म्हणा. पडलं तर पडू द्यायचं."

हमाल हसायला लागले. काका हसले नाहीत. प्रत्येकाकडून त्यांनी ते वाक्य मोठ्याने म्हणवून घेतलं, माझ्याकडूनसुद्धा. मी विचारलं, "हे म्हणायचं कशाला? आम्हाला कळलं की."

"तुम्हाला कळलं. हाताला नाही कळलेलं. काहीही पडायला लागलं की हात आपला आपण पुढे जातो. त्याला आधी सांगून ठेवावं लागतं."

पन्नास पावलं सगळं नीट झालं. आमच्या दाराशी फरशी ओली होती. पुढचा पाइप तिच्यावरून सटकला आणि मशीन माझ्या बाजूला कललं. मी दोन मिनिटांपूर्वी काय म्हटलं होतं ते मला आठवलंही नाही. माझा हात पुढे गेला. तो लोखंडाला लागायच्या आत मनगटावर असा फटका बसला की मी किंचाळले. काकांच्या हातात लाकडाची पाचर होती, तीच त्यांनी मारली होती. मशीन दाराच्या चौकटीवर जाऊन टेकलं, चौकट उभी चिरली, आणि सगळे जागच्या जागी थांबले. माझा हात त्या चौकटीच्या आणि लोखंडाच्या मध्ये गेला असता.

"चौकट सुतार बसवून देतो, ताई," काका म्हणाले. "मनगट बसवून देणारा मला अजून भेटलेला नाही."

मला राग आला होता, मनगट काळंनिळं पडलं होतं आणि चौकट वडिलांच्या वेळची होती. पण आतून पाणी आणून त्यांच्या हातात पेला दिला तेव्हा तो दातांवर वाजत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. तेव्हा मला कळलं की हा माणूस आपण भित्रे असल्याचं गमतीने सांगत नाही.

मशीन आलं तसं दुसऱ्या दिवशी चालू होईल, असं मी धरून चालले होते. दिवाळी दीड महिन्यावर होती आणि सोऱ्याचा सगळा खप दिवाळीच्या आधी. काकांनी पाच दिवस बटणाला हात लावू दिला नाही. पहिला दिवस रॉकेलने ग्रीस पुसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाणसळ ठेवून चारी कोपऱ्यांखाली पातळ पत्रे सरकवले, बोल्ट आवळले, सैल केले, परत आवळले. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तीन वेळा करायला लावलं. थांबवायचं लाल बटण उजवीकडे वर होतं, ते काढून खाली डावीकडे, कमरेच्या उंचीवर बसवायला लावलं. इलेक्ट्रिशियन वैतागून म्हणाला, "अहो काका, कंपनीने विचार करूनच दिलं असेल ना तिथे."

"कंपनीचे दोन्ही हात मोकळे असतात," काका म्हणाले. "आपले अडकलेले असताना बटण लागतं. कंबर कधी अडकत नाही."

चौथा आणि पाचवा दिवस मशीनचं डोकं सरळ करण्यात गेले. कटर धरणाऱ्या दांड्याला त्यांनी डायल लावला आणि त्याचं टोक टेबलावर टेकवून तो हाताने गोल फिरवत राहिले. काटा चारी बाजूंना एकच आकडा दाखवेपर्यंत डोकं एवढंसं इकडे, एवढंसं तिकडे. माझ्या डोळ्यांना तो काटा जागचा हलताना दिसत नव्हता. त्यांना दिसत होता. मी मधून मधून घड्याळ बघत होते, तर म्हणाले, "घड्याळ काढून ठेवा. एक तर ते अडकतं, आणि दुसरं म्हणजे तुम्ही ते बघता."

मी त्यांच्यासाठी चांगले जाड हातमोजे आणले होते. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले. "सुरेख आहेत. मशीन बंद असताना माल उचलायला वापरू. चालू मशीनवर मोजे घालून हात घालायचा असेल तर त्यापेक्षा उघडा घाला. उघडा हात निदान सुटतो. कापड धरलं की कटर सोडत नाही, मागचं सगळं मागून घेतो."

स्वतःच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला तावीज होता, तो रोज सकाळी काढून खिळ्याला अडकवायचे आणि जाताना परत घालायचे. खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली तेव्हा हमालांपैकी एकाने झेंडूचा हार आणून थेट कटरच्या दांड्यालाच घातला. काका हात जोडून उभे होते. आरती झाली, सगळ्यांना पेढे मिळाले, आणि मग त्यांनी हार हळूच उतरवून मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला लावला. "देव भिंतीवरूनही बघतो," ते म्हणाले. कोणाला वाईट वाटलं नाही. असं ते काहीही, कोणालाही सांगू शकत, आणि लोक ऐकत. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं.

आता सुनीताबद्दल सांगायला हवं. सुनीता आमच्याकडे पितळेच्या कडा कानशीने घासायचं काम करायची. यवतमाळकडची. नवरा गजानन मार्केट यार्डात पोती वाहायचा. आदल्या वर्षी पोत्यांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली आणि तेव्हापासून तो अंथरुणाला खिळला होता. घर तिच्या दोन हातांवर चाललं होतं. मशीन आल्याचं बघून ती एक दिवस कानस खाली ठेवून काकांसमोर उभी राहिली.

"काका, मले हे शिकायचं हाय. कानस घासून मनगट गेलं माहं. मले जमंल का?"

काकांनी तिचे हात बघितले. बराच वेळ बघितले. "घाई करता का तुम्ही?"

"घाई करून कोठी जाऊ?"

"मग जमेल," ते म्हणाले.

त्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, एकेका हातात आठ-आठ. मला त्या दिवशी त्या दिसल्या नाहीत. काकांना दिसल्या होत्या.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. वेणी आत, पदर ॲप्रनच्या आत, मंगळसूत्र त्याच्याही आत. चष्म्याशिवाय मशीनकडे बघायचंसुद्धा नाही, पितळेचा चुरा सुईसारखा उडतो. माल शिकंज्यात आवळल्यावर हाताने हलवून बघायचा, आपल्या हाताला हलला तर कटरला उडेल. कटर फिरतो त्याच्या उलट दिशेने माल सरकवायचा, त्याच्या दिशेने दिला तर तो ओढून नेतो. कटर आवळायचा पाना वर राहिला तर मशीन सुरू होताच तो गोळीसारखा सुटतो, म्हणून बटण दाबायच्या आधी पाना ट्रेमध्ये दिसला पाहिजे. ती सगळं दोनदा म्हणायची आणि मग करायची. पंधरा दिवसांत डायलचा काटा तिला माझ्यापेक्षा आणि जवळजवळ काकांइतका दिसायला लागला. फक्त एक गोष्ट काका तिला करू देत नव्हते. बटण ते स्वतः दाबायचे, आणि मशीन चालू झालं की तिला मागे भिंतीशी उभं करायचे. का, ते सांगायचे नाहीत.

एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, त्यांना ते तुम्ही सांगा."

"काय?"

त्यांनी स्वतःच्या मनगटावरून एक बोट फिरवलं. तोंडाने बोलले नाहीत.

"तुम्हीच सांगा की. शिकवताय तुम्ही," मी म्हटलं.

"मी सांगू? परका म्हातारा, तोही मुसलमान. जिचा नवरा अंथरुणावर आहे तिला मी सांगू की हातातल्या बांगड्या काढ?" त्यांचा आवाज खाली आला होता. "माझी जीभ उचलत नाही हो."

आपल्याकडे बांगड्या फुटल्या असंही कोणी म्हणत नाही, वाढवल्या म्हणतात. काढल्या हा शब्द तर सवाष्णीपुढे उच्चारायचाच नाही. हे मला कळत होतं. तरी मी हो म्हटलं आणि चार दिवस टाळलं. शेवटी सुनीतानेच विचारलं. "ताई, काका मले बटण काहून दाबू देत नाईत? बाई हाय म्हणून?" तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटत होतं, आपल्याला कधीच मशीन देणार नाहीत, नुसतं झुलवताहेत. तेव्हा मला सांगावं लागलं. बांगड्यांमुळे, म्हटलं. काकाही तावीज काढून ठेवतात बघ.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तावीज अन् चुडा एक हाय का, ताई? मालक बिछान्यावर पडून हायेत. आता नाई. मंग बघू."

मी काकांना एवढंच सांगितलं की ती नाही म्हणते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. दोघंही रोज शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांशी पितळेबद्दल बोलत राहिले. ती हात पुढे करी तेव्हा बांगड्या किणकिणत, आणि काकांची मान दर वेळी त्या आवाजाकडे वळे. मला ते बघवत नसे. पण मीही काही बोलले नाही.

आता माझी चूक. ती मी लपवत नाही.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. शुक्रवारी दुपारी काका जुम्म्याच्या नमाजाला गेले की दीड तास मशीन बंद असायचं. त्या दिवशी दुकानदाराचा माणूस चार वाजता माल न्यायला येणार होता आणि चाळीस नळ्यांच्या खाचा बाकी होत्या. सुनीताने पहिली नळी शिकंज्यात आवळून तयार ठेवली होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. "पाना ट्रेमध्ये हाय," ती म्हणाली. मी माझ्या पर्समधला रुमाल काढला, तिच्या उजव्या हातातल्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळला, गाठ मारली आणि म्हटलं, "चालव." कापडाबद्दल काका काय म्हणाले होते ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

नऊ नळ्या अगदी सुबक झाल्या. तिचं तोंड उजळलं होतं. दहावीला खाचेपाशी चुरा साठला, तिने ब्रश उचलला आणि हात पुढे नेला. रुमालाच्या गाठीचं एक टोक मोकळं होतं. मी ते बघितलं. कटरचा आवाज बदलला. तिचा हात टेबलाकडे ओढला गेला, बांगड्या फुटल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी तिने कंबर लाल बटणावर आदळली. कटर लगेच थांबत नाही. दोन-तीन फेऱ्या मारतो. त्या फेऱ्या मी आजही मोजते.

तो थांबला तेव्हा तिच्या मनगटात आणि त्याच्यात बोटभर अंतर होतं. रुमाल त्याच्याभोवती गच्च पिळला होता. मनगटात काचा घुसल्या होत्या आणि रक्त पितळेच्या चुऱ्यावर पडत होतं. मी धारदार पटाशीने रुमाल कापत असतानाच काका दारात आले.

ते ओरडले नाहीत. आधी भिंतीवरचा मुख्य स्विच पाडला. मग तिच्यापुढे आले. महिन्याभरात त्यांनी तिला कधी स्पर्श केला नव्हता, पाना द्यायचा तरी टेबलावर ठेवायचे. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "बोटं हलवा. एकेक. अंगठा." तिने अंगठा हलवला. "पुढचं." पाचही बोटं हलली. तेव्हा काका तिथेच जमिनीवर, चुऱ्यात, बसले.

दवाखान्यात सहा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, नस वाचली. बाहेरच्या बाकावर मी काकांना सांगितलं, "रुमाल माझा होता. चालव मीच म्हटलं."

"ते मला दिसलं," ते म्हणाले. "तुम्ही एक दिवस चुकलात. मी महिनाभर चुकत होतो."

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेले तर ते आधीच आले होते. चिमट्याने टेबलाच्या खाचांतून हिरव्या काचेचा एकेक कण वेचून कागदावर ठेवत होते. सुनीताचा निरोप आला की ती परत येईल, पण कानशीवर. मशीनला हात लावणार नाही. बांगड्या तशा फुटल्या म्हणजे मोठा अपशकुन झाला, घरातल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर काय, या भीतीने तिला झोप नव्हती. काकांनी कागदाची पुडी केली, कचऱ्यात टाकवेना म्हणून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला. मार्केट यार्डात जाऊन येऊ."

यार्डाच्या मागच्या बाजूला एका चाळीत सुनीता आणि गजाननची एक खोली होती. गजानन पलंगावर, भिंतीशी उशी लावून टेकवलेला. खांदे अजून हमालाचे होते, खाली पाय मात्र काटकुळे. सुनीताने उजवा हात पदराखाली झाकून पाणी दिलं. काका बसले नाहीत. उभ्यानेच तिच्याशी बोलले, आणि मी त्यांना इतकं सलग बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"सुनीताताई, मी तुमची माफी मागायला आलोय. चालू मशीनवर हातात बांगडी चालत नाही. कोणाचीच. हे मी पहिल्या दिवशी तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही मला चार शब्द सुनावले असते, मी ते ऐकून घेतले असते. पण मला लाज वाटली, म्हणून मी ताईंना पुढे केलं. हे माझं काम होतं. ते मी केलं नाही."

पलंगावरून गजानन म्हणाला, "काका, मले कोनी काईच सांगतलं नाई. ही म्हने काच लागली." मग काकांकडे बघून, "खरं सांगा. हात गेला असता का?"

"गेला असता," काका म्हणाले.

"पुरा?"

"पुरा."

गजानन छताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो म्हणणार की हिने ते कामच करायचं नाही, आणि त्याचं काही चुकलंही नसतं.

"इकडं ये," तो सुनीताला म्हणाला. "बस." ती पलंगाच्या कडेला बसली. तिच्या डाव्या हातात आठ बांगड्या अजून होत्या. त्याने तो हात घेतला. "रोज सकाळी मले कोन उठवून बसवते? ह्या चुडीनं उठतो का मी?"

"असं नका बोलू," ती म्हणाली.

"हातानं उठतो ना? मंग हात ठिव शाबूत." त्याने पहिली बांगडी तिच्या बोटांच्या सांध्यांवरून हलकेच पुढे सरकवली. "मी जित्ता हाय अन् मीच काढून ठिवतो. याले कोन अपशकुन म्हनते ते पाहू. सकाळी मी काढीन, संध्याकाळी मीच घालून देईन. जरा ढिल्या आनजो, म्हंजे माह्या हातानं निघतीन."

पहिली बांगडी निघाली तेव्हाच काका वळून बाहेर गेले होते. मी मागून गेले तर ते चाळीच्या कठड्याशी, खोलीकडे पाठ करून उभे होते. आतून एकेक बांगडी ताटलीत ठेवल्याचा आवाज येत होता. आठवा आवाज झाला तसं त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. परतताना रिक्षात ते एवढंच बोलले, "आमची ही असती तर तिने पहिल्या दिवशीच सुनीताला शेजारी बसवून सांगून टाकलं असतं. दोन मिनिटांचं काम."

दिवाळी सरली, टाके निघाले, आणि एका सोमवारी सुनीता मोकळ्या हातांनी मशीनपाशी उभी राहिली. काका येणार म्हणून आम्ही दहापर्यंत थांबलो. शेवटी मी फोन केला.

"मी येत नाही," ते म्हणाले. "मी समोर असलो की ती माझ्याकडे बघणार. तिने कटरकडे बघायला हवं."

"पण काका, पहिलाच दिवस आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सुनीताचा हात बटणाकडे गेला. तिने तो मागे घेतला, ट्रे बघितला, शिकंजा हलवून बघितला, पुन्हा ट्रे बघितला. मी भिंतीशी उभी होते आणि या वेळी तोंडातून एक अक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं. तिने बटण दाबलं. दिवसभरात तिने पन्नास नळ्या केल्या. दर नळीला मशीन बंद, चुरा साफ, मग पुढची. संध्याकाळी सहाला तिने मशीन पुसलं आणि म्हणाली, "काकाले सांगा, झालं म्हनून."

मी फोन घेऊन दाराशी आले. समोरच्या बुरुडाच्या दुकानात सुपांची चळत माणसाच्या उंचीएवढी लावलेली होती आणि तिच्यामागून पायरीवर दोन पाय दिसत होते, बंद बुटांतले. बुरुडाने माझ्याकडे बघून खुणेनेच सांगितलं की सकाळपासून. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "चहासुद्धा घेतला नाही हो. मशीन थांबलं की उठून उभे राहायचे, परत सुरू झालं की बसायचे. दिवसभर तेच."

सुनीता बाहेर आली. तिने दार ओढलं, कुलूप लावलं, दोन्ही हातांनी ओढून बघितलं, आणि माझा निरोप घेऊन घाईने बसच्या दिशेने निघाली. घरी तिची वाट बघणारं माणूस होतं. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत सुपांमागे काहीच हललं नाही. मग काका उठले. गुडघ्यांवर हात टेकून, एकेक पाय सोडवत. त्यांचा सदरा पाठीवर घामाने ओला झाला होता. त्यांनी मला बघितलं नाही, मीही हाक मारली नाही. भिंतीला एक हात लावत ते गल्लीतून सावकाश घराकडे गेले, आणि महिन्याभराने मुलीकडे सोलापूरला कायमचे निघून जाईपर्यंत आमच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा आले नाहीत.